फाटकापाशी तापणारी गाडी

अकोटहून निघताना आईच्या फाटकापाशी श्रावणीची गाडी दरवेळी तापायची. गाडी चालू ठेवून दोघी बोलत राहायच्या. एकट्या राहणाऱ्या आईचा निरोप संपायचाच नाही. तापमानाचा काटा चढला की आई म्हणायची, "इंजिन थंड होईस्तोवर चहा घेऊन जाय वं." अमरावतीच्या रस्त्यावर मात्र गाडी कधीच तापली नाही. आज श्रावणीने बॉनेट उघडलं. धावत्या गाडीला वारा पुरतो, उभ्या गाडीला पंखा लागतो; इथं पंख्याची वायर निसटलेली होती. तिने ती घट्ट बसवली. पंखा घरघरला, काटा उतरला. पाण्याचा गडवा घेऊन आलेली आई थबकली. "म्हणजे आता नाई तापणार?" "नाही." "बरं झालं. नीघ मंग, उशीर होते तुले." आईने गडव्यातलं पाणी मोगऱ्याला घातलं. श्रावणीने इंजिन बंद करून किल्ली आईच्या पदराच्या गाठीत बांधली. "चहा ठेव. उद्या जाईन."