बेटावरचे एकुलते फळ

"मच्छिंद्र, जरा जल्दी!"

"सर, धार समोरून हाय. अन् ही होडी हाय, जीप न्हाई."

प्राध्यापक राजानंदांनी पुन्हा घड्याळ पाहिले. घनसावंगी तालुक्यात, गोदावरीच्या पात्रातील वाळूच्या बेटावर त्यांना जे इवले निळे फूल गवसले होते, त्याची नोंद जगातील कोणत्याही वनस्पतिकोशात नव्हती. परंतु केवळ फुलावर नवी जात मान्य करण्यास परीक्षक तयार नव्हते. त्यांना पक्व फळ हवे होते. गेल्या साली फळ धरण्यापूर्वीच बेट बुडाले. यंदा सारे बेट धुंडाळून एकच रोप हाती लागले, त्यालाही एकच फळ. आणि आज संध्याकाळी धरणाचे पाणी सुटणार होते.

सारी भिस्त द्वारकाबाईंवर होती. त्या बेटावर कलिंगडाचे वेल लावीत. "मावशी, हे रोप तुमच्या वेलासारखंच जपा, तिळमात्र फरक करू नका," असे राजानंदांनी त्यांना बजावले होते. फळ पिकल्याचा त्यांचा फोन सकाळीच आला होता.

इतक्यात पानाने झाकलेला, हळदकुंकू वाहिलेला एक द्रोण वाहत आला आणि होडीच्या कडेला अडला. मच्छिंद्राने वल्हे थांबवून हात जोडले.

"अरे बाबा, नमस्कार परतताना कर!" राजानंदांनी बोटांनी द्रोण धारेला लावून दिला. पाहता पाहता तो वळणाआड गेला.

होडी टेकताच ते धावत सुटले. रोपाभोवती बाभळीच्या काट्यांचे कुंपण होते, मुळाशी ओल होती, एकही पान कुरतडलेले नव्हते. देठ मात्र रिकामा होता.

"मावशी, फळ?"

द्वारकाबाई पदर सावरीत आल्या. चेहऱ्यावर कृतार्थता होती. "कसं पिकलं व्हतं म्हणून सांगू! शेळीला फिरकू दिलं न्हाई."

"पण आहे कुठं?"

"आवो सर, येलाचं पयलं फळ आपण ठिवतो का कधी? तुम्हीच म्हणल्ते, फरक करू नका. तुमची होडी लांबून दिसली, मंग म्या जल्दी जल्दी हळदकुंकू वाह्यलं, अन् द्रोणात घालून गोदामाईला सोडलं. तुमच्या जवळूनच गेलं असंल की!"