चौदावी मागणी

ला पाझमधल्या आमच्या विद्यापीठात कुलगुरूंना कोंडणं हे वार्षिक स्नेहसंमेलनासारखंच असतं. यंदा मुख्य इमारतीचं रंगकाम चालू होतं, म्हणून विद्यार्थ्यांनी डॉ. हिलारिओ तिकोनांना भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत कोंडलं. अकरा वर्षांपूर्वी ते कुलगुरू झाले, तेव्हा त्यांचा विश्वकिरण मोजायचा प्रयोग तिथेच अर्धा राहिला होता. त्यानंतर त्यांनी फक्त सह्या केल्या.

चौथ्या दिवशी विद्यार्थ्यांची पुढारी लिस्बेत हिने दार उघडलं.

"चला डॉक्टर, सुटलात! चौदाच्या चौदा मागण्या मान्य केल्यात तुम्ही."

यंत्रावरची नजर न काढता तिकोना म्हणाले, "मोजणी संपायला अजून दोन दिवस लागतील गं."

"अहो, बाहेर तीन समित्या आणि एक उपमंत्री ताटकळलेत तुमच्यासाठी."

तिकोनांनी थकलेले डोळे चोळले. "चौदावी मागणी कुठली होती?"

"कॅन्टीनमधलं शेंगदाण्याचं सूप जरा दाट करा, ही."

"ती नामंजूर. आणि जाताना कुलूप नीट लावा. काल तुम्ही विसरलात, मला आतून कडी घालावी लागली."