मोरपंखीचं खत

त्यानं कुंडी माझ्या पायाशी आपटली. खापऱ्या नर्सरीभर उडाल्या आणि करपलेली मोरपंखी मुळांसकट बाहेर पडली. "तुझ्या खतानं मारली हिला," म्हणत त्यानं माझं मानगूट धरलं आणि मला पोत्यांवर ढकललं.

मी उठून मुळांची माती हुंगली. कोंबडीचं ताजं खत. मी दिलं होतं ते जुनं, कुजलेलं शेणखत, निम्मी वाळू मिसळून. मोरपंखीला तेवढंच सोसतं. महिन्यापूर्वी याच्या बायकोनं विचारलं, तेव्हा मीच बजावलं होतं, की कोंबडीखत घालू नका, मुळं भाजतात.

ती त्याच्या मागं उभी होती. पदराखाली लपवलेल्या हातावर उलथन्याच्या कडेएवढे लाल चटके होते. एक अजून ओला होता.

"चूक माझीच," मी म्हणाले. "पोतं बदललं गेलं. दुसरी मोरपंखी न्या, फुकट."

तरीही त्यानं माझ्या कानाखाली वाजवली.

"त्यांना मारू नका," ती पुढं आली. "कोंबडीखत मी घातलं."

"का?" त्यानं हात उगारला.

ती मागं सरकली नाही.

"किती भाजलं की जीव जातो, ते बघायचं होतं."