मालनबाई पुण्याला राहायला येतात

“आलो बघा,” दारातून ज्ञानदेव म्हणाले. “दोन दिस ऱ्हानार हाय.”

सकाळचे सात वाजले होते. त्यांच्या मागे मालनबाई होत्या. खांद्याला पिशवी, हातात तांदळाचं गाठोडं, चेहरा हसरा. आनंदीताईंना आधी ओळख पटेना. मग पटली, आणि पटली नसती तर बरं झालं असतं असं वाटलं.

दिवाळीच्या सुट्टीत त्या, त्यांचे यजमान दीनानाथराव आणि मुलगा केदार वेल्ह्याच्या डोंगरात या जोडप्याच्याच शेतावर तीन दिवस राहून आले होते. बाहेर ‘कृषी पर्यटन’ अशी पाटी होती. केदारनं विळ्यानं मूठभर भात कापला आणि चाळीस फोटो काढले. दीनानाथरावांनी गाईची धार काढायचा प्रयत्न केला. गाईनं तो सहन केला. निघताना आनंदीताई म्हणाल्या होत्या, “पुण्याला या हं एकदा. राहायलाच या.”

कर्वेनगरात हे वाक्य चपला घालता घालता म्हणायचं असतं. ते ऐकून कुणी जनावरं भावाकडे सोपवून पहाटेची एस.टी. पकडेल, अशी कुणाची कल्पना नसते.

केदारचं ऑफिस हडपसरला होतं, पण त्या दिवशी तो घरूनच काम करणार होता. चहा होताच ज्ञानदेव त्याच्या खोलीत गेले. “आमचं काम तुमी बघितलं. आता तुमचं दावा,” म्हणाले आणि स्टूल ओढून मागे बसले. केदारनं कानाला हेडफोन लावला. तो तीन तास इंग्रजीत बोलला. मध्ये दोनदा हसला, एकदा सॉरी म्हणाला. ज्ञानदेव जागचे हलले नाहीत.

जेवताना त्यांनी अगदी मनापासून विचारलं, “बोलनं समदं ऐकलं. झ्याक बोलता. आता कामाला कवा लागनार?”

दीनानाथरावांना ठसकाच लागला. हाच प्रश्न गेली सहा वर्षं त्यांच्या ओठांवर होता.

मालनबाईंचं वेगळंच. त्यांनी स्वयंपाकघर पाहिलं. मिक्सरपाशी उभं राहून फोटो काढून घेतला. हौसेनं एक पोळी लाटली आणि ती फुगल्यावर टाळी वाजवली. मग बाहेर जाऊन सोफ्यावर बसल्या, त्या बसल्याच. जेवणं झाली. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले आणि पुन्हा सोफा गाठला. ताटं तिथंच.

“पाहुण्यानं जरा हातभार लावावा, इतकंही कळू नये?” भांडी आपटत आनंदीताई पुटपुटल्या.

दीनानाथराव पेपराआडून म्हणाले, “आपण तिथे किती लावला होता?”

“तिथे आपण पैसे देऊन राहिलो होतो.”

“मग बाहेर पाटी लाव,” दीनानाथराव म्हणाले आणि पान उलटलं.

संध्याकाळी मालनबाईंनी लिफ्टमधून चार फेऱ्या मारल्या. रात्री भाजी दोनदा मागून घेतली. “लई ग्वाड झालीया,” म्हणाल्या. आनंदीताईंनी वाढली, पण वाढताना डाव जरा जोरातच ठेवला.

दुसऱ्या दिवशी साडेआठ वाजले तरी मालनबाई हॉलमधल्या गादीवर झोपलेल्याच. पुरुषमंडळी फिरायला गेली होती. केर खोळंबला होता. आनंदीताईंचा संयम संपला. त्यांनी चहाचा कप उशाशी आणून बशीसकट असा आपटला की शेजारच्यांनाही जाग यावी.

मालनबाई उठून बसल्या. कप दोन्ही हातांत धरला. प्यायल्या मात्र नाहीत, नुसत्या त्याच्याकडे बघत राहिल्या.

“ताई, लगीन होऊन सव्वीस वर्सं झाली,” त्या म्हणाल्या. “हातरुणात आयता च्या आज पयल्यांदा आला.”

आनंदीताईंच्या जिभेवर एक खास पुणेरी उत्तर तयार होतं. ते तिथंच राहिलं. त्या गादीच्या कडेला टेकल्या. म्हणाल्या, “माझ्या लग्नाला चौतीस होतील. मला तर अजून कुणीच दिला नाही.”

“दिला न्हाई कसा?” मालनबाईंना आश्चर्य वाटलं. “दिवाळीत तीन दिस मीच आनून देत व्हते की तुमाला!”

आनंदीताई आत गेल्या, स्वतःसाठी कपभर चहा घेऊन आल्या आणि मालनबाईंशेजारी गादीवर मांडी घालून बसल्या. केराचं कुणी नाव काढलं नाही. फिरून आलेल्या दीनानाथरावांनी दोन बायकांना अंथरुणातच खिदळताना पाहिलं आणि चपला न काढता ज्ञानदेवांना घेऊन पुन्हा खाली उतरले.

संध्याकाळी आनंदीताई स्वतः रिक्षानं स्वारगेटपर्यंत पोचवायला गेल्या. एस.टी. हलल्यावरही हात हलवत उभ्या होत्या.

पुढच्या दिवशी सकाळचे सात वाजले. सव्वासात झाले. आनंदीताई पलंगावर टक्क जाग्या होत्या, पण उठल्या नाहीत. दीनानाथरावांनी येऊन त्यांच्या कपाळाला हात लावला.

“बरं नाही का?”

“उत्तम आहे.”

दीनानाथरावांनी केदारच्या खोलीकडे पाहिलं. तिथून काही मदत मिळेल असं दिसेना. मग पावलं स्वयंपाकघराकडे गेली. डब्यांची झाकणं एकामागून एक उघडल्याचे आवाज आले. काहीतरी सांडलं.

“अगं,” आतून खोल गेलेला आवाज आला, “आपल्याकडे साखर कुठे असते?”

“स्वयंपाकघरात,” आनंदीताई म्हणाल्या आणि पांघरूण कानावर ओढून घेतलं.