होय म्हणजे मूठ

“मुख्तार, ‘होय’ म्हणायचं असेल तर उजवी मूठ आवळताय असं मनात आणा. ‘नाही’ म्हणायचं असेल तर पाय हलवताय असं. खरोखर काही हलायला नको.” डॉक्टर टिओ खाटेवर वाकून सावकाश बोलत होत्या.

मुख्तारचे डोळे छताला लागलेले. डोक्यावर घट्ट टोपी, तिच्या वायरी शेजारच्या कॉम्प्युटरला जोडलेल्या. मेंदूत उठणारी बारीकशी वीज टोपी पकडते, ती मुठीची की पायाची हे कॉम्प्युटर ओळखतो आणि पडद्यावर उत्तर येतं, असं डॉक्टरांनी आल्या आल्या समजावलं होतं. मुख्तारच्या म्हाताऱ्या आईला त्यातलं फारसं कळलं नव्हतं, तरी ती मान डोलावत होती. बायको नोरलेला भिंतीला टेकून उभी होती. सासूचा हट्ट म्हणून ती खोलीत आली होती.

मुख्तार तुंपात बंदराच्या धक्क्यावर मासेमारी बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली तेव्हापासून असाच पडून होता. आई रोज त्याच्या उशाशी बसून कुठली बोट आली, कुणाचं लग्न ठरलं, ते सांगायची. “कशाला भिंतीशी बोलता, मक?” नोरलेला सासूवर वैतागायची.

“तुमचं नाव मुख्तार?”

पडद्यावरची पट्टी थरथरली आणि वर चढली. होय.

“तुम्ही शाळेत शिकवता?”

पट्टी खाली गेली. नाही.

“तुमची आई या खोलीत आहे?”

होय.

डॉक्टरांनी उलटसुलट आणखी बरंच विचारलं. मग त्या खुर्चीत मागे टेकल्या. “ते ऐकतात. त्यांना सगळं समजतं. बहुतेक पहिल्यापासून समजत असणार.”

“मी सांगत नव्हते?” सासू रडता रडता हसायला लागली. “नोर, अगं, ओरडून ओरडून सांगत होते तुला! आपला पोरगा आत आहे म्हणून!”

नोरलेलाला आपले फोन आठवले. चादर बदलताना खांद्याशी फोन धरून ती बहिणीशी बोलायची. मुख्तारला कुशीवर ढकलून धरलेलं असायचं, त्याचा चेहरा तिच्या पोटाशी. “अल्लानं ह्यांना एकदाचं उचललं तर आम्ही दोघंही सुटू,” असं ती म्हणाली होती. एकदाच नव्हे. कधी कधी त्यावर दोघी बहिणी हसल्याही होत्या.

“मक, तुम्ही जरा बाहेर बसता?”

सासू ओढणीच्या टोकाने डोळे टिपत बाहेर गेली. डॉक्टरही उठू लागल्या, पण कॉम्प्युटर सोडून जाता येईना. “मी ऐकत नाहीये असं समजा, पुआन,” त्या नोरलेलाला अदबीने म्हणाल्या आणि त्यांनी पडद्यावर नजर लावली.

नोरलेला खाटेजवळ गेली. काय विचारावं ते तिला पक्कं ठाऊक होतं, पण तोंडून आलं ते वेगळंच.

“आबांग,” तिने नवऱ्याला नेहमीची हाक मारली, “उशी नीट आहे ना?”

होय.

“पाय अवघडलेत?”

नाही.

ती थोडा वेळ त्याच्या नखांकडे बघत राहिली. कालच तिने ती कापली होती, घाईघाईत, एका बोटाला लागलंही होतं.

“फोनवर मी जे बोलायचे… ते ऐकलंत तुम्ही?”

होय.

“सगळं?”

होय.

खाटेचा दांडा धरून ती खाली बसली. “चुकलं माझं, आबांग. फार चुकलं.” तो काही प्रश्न नव्हता. पट्टी मध्येच थरथरत राहिली.

“रागावलात माझ्यावर?”

पट्टी एकदम उसळून वर गेली आणि तिथेच राहिली. इतका वेळ ती कधीच टिकली नव्हती.

डॉक्टर टिओ अवघडल्या. “पुआन, ते दमलेत आता. दमल्यावर उत्तरं कधी कधी चुकतात. आज इथेच थांबू या.” त्यांनी मुख्तारच्या हनुवटीखालचा पट्टा सोडायला हात पुढे केला.

नोरलेलाने तो मनगटाशी धरला.

“नको, डॉक्टर, टोपी काढू नका,” ती म्हणाली. “रागावू दे त्यांना.”