बारव उघडली तर

सुगतने खुर्ची पुढे सरकवली, पण सौदामिनी बसल्या नाहीत. काउंटरवरच्या काळ्या, जाडजूड लॅपटॉपच्या पडद्यावर हिरवी पट्टी शेवटाला येत चालली होती आणि मशीन अजून एकदाही बंद पडले नव्हते. घरचा लॅपटॉप या पट्टीच्या निम्म्यावरच मान टाकत असे. दोन हिवाळे बारवेच्या पायऱ्यांवर उन्हाची वाट पाहत काढलेले हजारो फोटो त्यात नुसते पडून होते. ते सारे जुळवले की पडद्यावर सबंध बारव उभी राहते, असे सौदामिनी सगळ्यांना सांगत. तशी ती अजून कोणी पाहिली नव्हती. त्यांनी स्वतःसुद्धा नाही.

सकाळी अहमदपूरहून नांदेडला उतरल्याबरोबर त्यांनी फोटोंची डिस्क या दुकानात आणून दिली होती. सुगत दुकानाचा मालक, तिशीतला. एवढा भारी वर्कस्टेशन लॅपटॉप विचारणाऱ्या, साठी उलटलेल्या बाईंना पाहून त्याने आधी, नातू काय शिकून राहिला, असे अदबीने विचारले होते. नातू पहिलीत आहे, मशीन मला हवे आहे, असे सौदामिनींनी भूगोलाच्या तासाच्या सुरात सांगितले आणि ग्राफिक्स कार्डाला स्वतःची मेमरी किती, ते विचारले. तेव्हापासून तो त्यांना आजींऐवजी मॅडम म्हणू लागला.

सौदामिनींचे यजमान रेणुकादास मात्र आल्यापासून बसून होते. त्यांचे म्हणणे निवृत्त गणित-शिक्षकाला शोभेल असे होते: काम घरीच करायचे, तर टेबलावरचा मोठा कॉम्प्युटर घ्यावा, तेवढ्याच पैशांत जास्त ताकदीचा येतो. सौदामिनींचे उत्तर ठरलेले होते. एखादा कोपरा टिपायचा राहिला, हे घरी आल्यावर कळून काय उपयोग? बारवेच्या काठावर बसूनच फोटो जुळवून पाहता आले पाहिजेत. नाहीतर एका कोनाड्यासाठी पुन्हा एस.टी., पुन्हा ऑटो, पुन्हा कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसणे. हा वाद घरात बरेच दिवस चालला. अखेर रेणुकादासांनी अट घातली. मडके वाजवून घेतात, तसे मशीनही वाजवून घ्यायचे. त्यांच्या गावची ही बारव त्यात अखंड उघडली तर घ्यायचे. नाही उघडली तर मशीनचा विषय संपला आणि फोटोंचाही.

पट्टी संपली. पडदा काळा झाला.

सौदामिनींनी पर्सचा बंद मुठीत आवळला.

“गेलं वाटतं,” रेणुकादास म्हणाले. त्या स्वरात जिंकल्याचा आनंद नव्हता.

मग पडद्यावर राखाडी ठिपके उमटले. ठिपक्यांचे दगड झाले, दगडांच्या पायऱ्या झाल्या, चारी बाजूंच्या भिंती वर आल्या, आणि उत्तरेच्या भिंतीत रुजलेले उंबराचे रोपसुद्धा पानापानांनिशी उगवले. सुगतने माउस हलवला. सगळी बारव, कुठेही न अडखळता, परातीत ठेवल्यासारखी गर्रकन फिरली. प्रिंटरची शाई घ्यायला आलेले गिऱ्हाईक शाई विसरून जवळ आले.

“मॅडम, हे तर लई भारी हाय,” सुगत म्हणाला. “आपल्याकडलंच हाय का हे?”

“यांच्या गावचं,” सौदामिनी म्हणाल्या. हसू आवरण्याचा प्रयत्न त्यांनी सोडून दिला होता.

दुकानातल्या नमुन्याला मेमरी कमी होती. त्यांना हवे तसे मशीन कंपनीकडून बांधून मागवावे लागणार होते. सुगत दुसऱ्या कॉम्प्युटरवर ऑर्डर भरू लागला. मेमरी, डिस्क, पडदा, वॉरंटी: त्याचा प्रश्न पुरा होण्याआधीच सौदामिनींचे उत्तर येत होते. वर्गात उत्तर येणारी मुलगी बाकावर अर्धी उभी राहते, तशा त्या उभ्या होत्या. चार्जर तेवढा विटेसारखा जड आहे, प्रवासात खांदा दुखेल, असे त्याने प्रामाणिकपणे सांगितले. पेपरांचे गठ्ठे वाहण्यात नोकरी गेली, वीट काय घेऊन बसलात, असे त्या म्हणाल्या आणि पुढचा रकाना दाखवू लागल्या.

एवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. रेणुकादास खुर्चीसकट पडद्याजवळ आले होते. गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर गावी गेले, तरी त्यांना बारवेच्या काठावरूनच परतावे लागे. ज्या पाण्यात ते पोहायला शिकले, ते त्यांनी कित्येक वर्षांत वरूनच पाहिले होते.

“अगं,” ते हळूच म्हणाले, “यात खाली उतरता येतं का?”

सौदामिनींनी माउस हाती घेतला. काठ वर राहिला. एकेक पायरी जवळ येऊ लागली, भिंती उंच होत गेल्या. रेणुकादासांनी मान किंचित पुढे काढली, निसरड्या जागी काढतात तशी.

त्यांच्या खिशात फोन वाजला. बँकेचे खाते दोघांचे, नंबर त्यांचा.

“सर, ओटीपी आला असंल,” सुगत म्हणाला. “तेवढा सांगितला की ऑर्डर गेली.”

रेणुकादासांनी फोन काढला आणि पडद्यावरची नजर न हलवता पत्नीच्या हातात दिला. सौदामिनींनी आकडे वाचून दाखवले. त्यांचा दुसरा हात माउसवरच होता. पायऱ्या संपून दगडी कमान आली होती. कमानीच्या आत, अंधाऱ्या देवळीत, शेंदराने माखलेला देव दिसू लागला होता.

“थांब जरा,” रेणुकादास म्हणाले आणि काउंटरखाली वाकले.

सरांचे काही पडले असे वाटून सुगत उचलायला धावला. खाली काहीच पडलेले नव्हते. रेणुकादासांनी दोन्ही चपला काढल्या होत्या आणि टाचांना टाचा जुळवून त्या खुर्चीमागे सारल्या होत्या.

अनवाणी पाय दुकानाच्या थंड फरशीवर नीट टेकवून ते पडद्याकडे वळले.

“हं. चल आता.”