घरात कुणी आजारी न्हाई

जगभर फिरून कॉलऱ्याची साथ इस्लामपूरजवळच्या त्या गावात आली, तेव्हा मिरजेचा तरुण डॉक्टर सबनीस प्रबंधासाठी रुग्णांच्या जुलाबाचे नमुने गोळा करत दारोदार फिरत होता. थैलीत रिकाम्या बाटल्या होत्या, सलाइनही होतं.

बायडाबाईनं त्याला दारातच अडवलं. "तुमी आला की मानसं आजारी पडत्यात म्हनं?"

"नाही हो मावशी, आजार असतो म्हणून मी येतो. तुमच्या घरात कुणी आहे?"

"न्हाई. समदी बरी हाईत." ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिनं दार लावून घेतलं.

आत सून पोराच्या अंगाखालचं भिजलेलं धडपं पुन्हा बदलत होती. "आत्याबाई, त्यास्नी बोलवायचं हुतं की."

"बोलवनारच हुते. पर समदी बरी हाईत म्हटल्यावर त्येचं तोंड उतरलं गं."